चेट्टियाराखालचे चिनी कागद

तंजावूर, मेल वीदी
दीपावळीच्या आधीचा मंगळवार

ती. कनकलता वहिनींच्या पायांवर मंगलाचं डोकं. (टेकवलं असं समजून घ्या. गुडघ्यांमुळे आता मी कोणाच्याच पायांपर्यंत पोचत नाही, देवाला सुद्धा उभ्यानेच सांगते.) तुमचा रक्तदाब कसा आहे? लोणचं बंद केलंत की कपाटात ठेवून चोरून खाता? अण्णांचा खोकला थांबला का? थांबला नसेल तर सुंठ द्या. थांबला असेल तर अण्णा एवढे गप्प का आहेत ते परसात जाऊन बघा, विडी पुन्हा सुरू झाली असणार. भाऊ माझा आहे, मी त्याला तुमच्या आधीपासून ओळखते.

फोन असताना ही पत्र कशाला लिहिते, असं म्हणाल. ओरत्तनाडूला फोन केला की तुम्ही तो स्पीकरवर लावता. मग मी बोलते तुमच्याशी आणि उत्तर देतात तुमची सून, शेजारीण आणि दूधवाला. पत्राचं तसं नाही. आपल्या दोन्ही घरांत मराठी बोलतात सगळे, पण वाचता येते ती फक्त तुम्हाला आणि मला. मला तर शाळा तिसरीपर्यंत, ती पण तमिळ. ही अक्षरं अप्पांनी वाळूवर बोट धरून शिकवली, म्हणून अजून वाळूवर काढल्यासारखीच येतात. पण एक सोय आहे. हे पत्र मी जेवणाच्या पानाशेजारी उघडं टाकलं तरी ते गुप्तच. माझी नात हरिता, सांबशिवाची मुलगी, चार वर्षं हैदराबादला राहून चिनी वाचायला शिकली, पण आजीचं मराठी तिला वाचता येत नाही. आत्ता पण खांद्यावरून डोकावून विचारून गेली, आज्जी काय लिहितेस? म्हटलं, वडाम-पापडाची कृती.

▇▇▇▇▇▇▇▇▇▇▇▇▇ (ही ओळ मीच शाईने झाकली आहे. उजेडात धरून बघू नका.)

तर आधी आनंदाची गोष्ट. हरिताचा पासपोर्ट आला! गेल्या गुरुवारी पोस्टमनने आणून दिला. मी सही केली, त्याला दोन गोड अधिरसम दिले आणि तो जाईपर्यंत थांबून मग रडले. फेब्रुवारीत पोरगी एक वर्षासाठी तैवानला जाणार. (तैवान म्हणजे चीन का, हे मी विचारलं. ती म्हणाली, आज्जी, ह्या एका प्रश्नावर तिकडे दोन देशांत सत्तर वर्षं भांडण चाललं आहे, तू पोळी लाट.) पण हा पासपोर्ट येण्याआधी नवरात्रात आमच्या घरात जे झालं ते तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही, कारण सांगण्यासारखं नव्हतं. आता सांगते, कारण आता भीती गेली.

आधी पोरीचं काम काय ते ऐका, कारण गल्लीत लोक तिला विचारतात, चीनमध्ये काय भाव आहे म्हणून. चीनमध्ये म्हणे लोक फोनवर काही लिहितात, आणि सरकारला ते आवडलं नाही तर ते पुसलं जातं. सकाळी लिहिलेलं दुपारी नसतं. मग लोक तीच गोष्ट आडून लिहितात. एका ठराविक दिवशी कोणी नुसतं मेणबत्तीचं चित्र टाकलं तर ते पण पुसतात. एकदा तर लोक रस्त्यावर कोरे कागद घेऊन उभे राहिले, वहिनी, कोरे! त्याचा पण अपराध झाला. हरिताने हे मोठं नवल म्हणून सांगितलं. मी म्हटलं, ह्यात नवल काय? लग्न होऊन पंचावन्न वर्षं झाली, मी एकदा पण नवऱ्याचं नाव घेतलेलं नाही. ‘आमचे हे’, ‘सांबशिवाचे वडील’, ‘झोपाळ्यावर बसलेत ते’ असं म्हणत तीन पोरांचे जन्म, रेशनकार्ड आणि बँकेचं खातं झालं. आणि मी कोरा कागद झाले, म्हणजे दिवसभर काही बोलले नाही, की ह्यांना घाम फुटतो. पोरगी उठून वही घेऊन आली आणि म्हणाली, पुन्हा सांग. माझं म्हणणं तिच्या प्रबंधात टिपेत आहे. नाव घातलेलं नाही, ‘तंजावूरच्या एक वृद्ध गृहिणी’ एवढंच. वृद्ध हा शब्द काढ म्हटलं तर ऐकत नाही.

दुसरं तिचं काम म्हणजे तिथली सरकारी वर्तमानपत्रं काय भाषेत बोलतात ते बघायचं. घरात आग लागली तरी ती लिहितात, उजेड वाढला. हे पण मला लगेच समजलं. आपल्यात स्थळ नाकारताना कोणी खरं कारण सांगितलं आहे का कधी? मुलगा तोतरा असो की सासू कजाग, पत्रात एकच, ‘जातक जुळत नाही.’ ते सरकारी वर्तमानपत्र. खरं कारण मागच्या दारी नळावर ऐकायचं. तो नळ म्हणजे त्यांचा फोन.

तर ही पोरगी रोज, पुसलं जाण्याआधी, ते लिहिलेलं उतरवून घेते. तिचा संगणक एकदा बंद पडला आणि सहा महिन्यांचं काम गेलं, तेव्हापासून सगळं कागदावर छापून पण ठेवते. चार गठ्ठे झाले होते, दोरीने बांधलेले, एक एक केवढा म्हणाल तर आपल्या पितळी पायलीएवढा. बरेचसे मूळ आता चीनमध्ये पण उरलेले नाहीत. त्या चार गठ्ठ्यांवर पोरीचं डॉक्टर होणं टांगलेलं.

आणि इथे मी येते.

आमच्या नवरात्रातल्या कोलूच्या, बाहुल्या मांडायच्या लाकडी पायऱ्या ह्या वर्षी वाळवीने खाल्ल्या. सात पायऱ्यांशिवाय मी बाहुल्या मांडत नाही, ते तुम्हाला माहीत आहे. (तुम्ही पाचच मांडता. मी काही म्हणत नाही.) ट्रंका, तांदळाचे डबे, जुना रेडिओ असं सगळं रचून सहा पायऱ्या झाल्या, चौथी काही जुळेना. एका बाजूला चार बोटं कमी. आणि तेवढ्यात हरिताच्या खोलीत ते चार गठ्ठे दिसले. वहिनी, देवीने मोजून पाठवल्यासारखे! ठेवले, वर ह्यांचं नेसायचं पांढरं वेष्टी घातलं, आणि त्या पायरीवर चेट्टियार वाणी आणि त्याची चेट्टियारीण मांडली, पुढे त्यांच्या दुकानातली डाळ, तांदूळ, मिरच्यांच्या वाट्या. शेजारी आपली मान डोलावणारी बाहुली. फार सुरेख दिसलं.

दुसऱ्या दिवशी हरिता कागद शोधायला लागली. कपाटं उपसली. अंगणात रद्दीवाल्याच्या मागे धावली. मी शांतपणे सांगितलं, कुठे गेले नाहीत, चेट्टियाराखाली आहेत. पोरगी मटकन खाली बसली. म्हणाली, काढ. म्हटलं, कशी काढू? कोलू मांडला की विजयादशमीला एक बाहुली झोपवल्याशिवाय हलवतात का? आपल्या घरात शंभर वर्षांत हलवलेला नाही. ती म्हणाली, ‘आज्जी, तिकडे सरकार लपवतं आणि इकडे तू!’ मी म्हटलं, सरकार नैवेद्याचं सुंडल देतं का? (त्या दिवशी उकडलेल्या चण्याचं, खोबरं घातलेलं होतं. खाल्लंन, पण बोलली नाही. कोरा कागद.)

आता पाचवा दिवस. सांबशिव आणि सून पापनाशमला हळदीकुंकवाला गेलेली. घरात मी, हरिता आणि झोपाळ्यावर हे. ह्यांना आता ऐकू कमी येतं, म्हणून जगाला पण कमी येतं असं समजून बोलतात. दुपारी चारला दार वाजलं. उघडते तर खाकी! हातात फाईल, नावाच्या पट्टीवर तमिळमध्ये गणेशकुमार. वाकून, नीट तमिळमध्ये विचारलं, हरिता इथेच राहतात का?

वहिनी, मी दाराची कडी घट्ट धरून ठेवली. का ते सांगते. दोनच दिवसांपूर्वी हरिताने सांगितलं होतं की चीनमध्ये फोनवर जास्त लिहिलं तर पोलीस घरी येतात, अगदी सौम्य बोलतात आणि चहा प्यायला बोलावतात. तो चहा म्हणजे चौकशी. आणि हा समोरचा माणूस अगदी सौम्य बोलत होता! त्यात मागून झोपाळ्यावरून हे मोठ्याने, ‘कोण आलंय? चीनवरून आलेत का?’ मी तमिळमध्ये म्हटलं, ‘ह्यांना ताप आहे.’ पासपोर्टचा अर्ज केला की पोलीस घरी येऊन विचारपूस करतात, हे हरिताने मला सांगितलं होतं म्हणे. असेल. मी त्या वेळी डाळ निवडत असणार.

बसवलं. घरी आलेल्याला कॉफी देणं आलंच, शत्रू असला तरी. मी विचारलं. तर तो तमिळ नातवासारखा म्हणतो, ‘कॉफी नको पाटी, चहा असला तर चालेल.’ तंजावूरमध्ये! कावेरीच्या काठी! कॉफी नको म्हणणारा माणूस मी ह्या जन्मी पहिल्यांदा बघितला. चहा हा शब्द ऐकला आणि मनात म्हटलं, संपलं.

तो विचारत गेला, मी उत्तरं देत गेले. हरिताला तोंड उघडू दिलं नाही. ह्या पत्त्यावर किती वर्षं राहता? म्हटलं, साडेतीनशे. त्याने पेन थांबवलं. म्हटलं, एकोजी राजांबरोबर आलो, तेव्हापासून कुठे गेलो नाही. तो म्हणाला, पाटी, इथे दोनच आकड्यांची जागा आहे. मग नव्याण्णव लिहा म्हटलं. घरच्या मोठ्यांचं नाव? ते मी कसं घेणार? झोपाळ्याकडे बोट दाखवलं. त्याने झोपाळ्याकडे बघितलं. हे त्याच्याकडे बघून हसले आणि ‘सुंडल दे त्यांना’ म्हणून ओरडले.

तोपर्यंत ठीक होतं. पण मग तो उठला आणि सरळ कोलूसमोर जाऊन उभा राहिला. एक एक पायरी बघतो आहे. दशावतार बघितले, लग्नाची मिरवणूक बघितली, आणि चौथ्या पायरीपाशी थांबला. खाली वाकला. चेट्टियारिणीला हात लावला! इथे मी आपलं जुनं शस्त्र काढलं. तुम्हाला माहीत आहे, बाजारात कापडवाल्यासमोर भाव पाडायचा असो की पाहुण्यांसमोर डाळ संपल्याचं सांगायचं असो, आपण साडेतीनशे वर्षं मराठीत बोलत आलो. समोरच्याला काय कळतं! म्हणून मी तोंडावर हसू ठेवून, देवीचं गाणं म्हटल्यासारख्या चालीत हरिताला म्हटलं, ‘पोरी, त्या मेल्याला चेट्टियारापासून लांब ने. तुझे चिनी कागद त्याच्याच खाली आहेत. मी सुंडलात गुंतवते त्याला. आणि पोट बघितलंस का केवढं, एका वाटीत भागायचं नाही.’

तो तसाच वाकलेला. चेट्टियारिणीचा हात न सोडता, मान न वळवता, शुद्ध आमच्या गल्लीच्या, मेल वीदीच्या मराठीत म्हणाला, ‘आज्जी, एका वाटीत भागतं. पोट आईकडचं आहे.’

वहिनी, मला भूमीने पोटात घेतलं असतं, पण कोलूमुळे तिथे जागा नव्हती. हरिता तोंडात पदर (ओढणी) कोंबून आत पळाली. मान डोलावणारी बाहुली एवढी डोलावत होती की जणू सगळं कबूल आहे. आणि झोपाळ्यावरून हे, ‘आपलाच माणूस आहे का?’ पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा ह्यांना पहिल्या खेपेस ऐकू आलं.

आपलाच निघाला. आमच्याच गल्लीच्या टोकाला त्याच्या आजोबांचं शिवणकामाचं दुकान होतं. आई दोन वर्षांपूर्वी गेली. बायको तमिळ, चांगली आहे म्हणाला, मुलं मराठी ऐकून हसतात पण बोलत नाहीत. मी हजार वेळा क्षमा मागितली. म्हटलं, बाबा, मेल्या म्हटलं ते विसर. तो म्हणाला, ‘नाही आज्जी. दोन वर्षांत मला कोणी असं मेल्या म्हटलं नव्हतं.’  मी उठून आत गेले आणि चहा टाकला. घरात चहाची पूड नव्हती, हरिता मागच्या दाराने शेजारून घेऊन आली.

मग त्याने विचारलंच, चिनी कागद कसले? आता लपवायला भाषाच उरली नव्हती. मराठी त्याला येत होती, तमिळ त्याची होती, आणि चिनीत मला काही येत नाही. हरिताने बसून सगळं सांगितलं, पुसलेलं काय, आडून लिहिलेलं काय.  पोरीचं तैवान, पोरीचे चार गठ्ठे, सगळं त्या माणसाच्या पेनाच्या टोकावर. तो ऐकत सुंडल खात राहिला. (दोन वाट्या झाल्या. मी मोजत नव्हते.) शेवटी म्हणाला, ‘आमच्या ठाण्याच्या फोनवरच्या गटात साहेब सकाळी काहीतरी लिहितात आणि मागाहून पुसतात. आम्ही बघतो तेव्हा नुसतं ‘पुसलं आहे’ एवढंच दिसतं. मग दिवसभर सगळे एकमेकांना विचारतात, काय होतं? कामं राहतात. असं काय होतं ते शोधून काढायला तुम्हाला पगार मिळतो, ताई?’ हरिता म्हणाली, मिळतो, थोडा. तो म्हणाला, मग जाऊन या तैवानला, आमचं पण बघा नंतर.

एवढंच. कागद वाचणं हा गुन्हा नाही म्हणाला, इथे कोण काय वाचतो ते बघायला तो आलाच नव्हता. फक्त पत्ता खरा आहे का, माणूस खरा आहे का. दोन्ही खरे निघाले. चार ओळी लिहिल्या, आमच्या ह्यांची सही घेतली आणि जाताना कोलूला हात जोडून म्हणाला, पायरी थोडी डावीकडे कलली आहे, पाचर लावा. तेच बघायला वाकला होता, वहिनी! मी त्याला मेल्या म्हणाले आणि तो चेट्टियारीण पडू नये म्हणून धरून उभा होता!

विजयादशमीला बाहुली झोपवली आणि गठ्ठे काढले. जसे होते तसे. एका कागदावर थोडं कुंकू सांडलं आहे, ते तसंच राहू दे म्हणाली हरिता. गणेशकुमार त्या दिवशी आईची आठवण काढून मुलांना घेऊन आला होता. धाकट्याला मी मराठीत रागावले. चांगलं समजलं त्याला.

तर सगळं ठीक आहे. पोरगी जाईल, शिकेल, येईल. मी मजेत आहे. तिकडच्या थंडीत मला काय करायचं आहे, माझी कावेरी बरी, माझी कॉफी बरी. अण्णांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद, लोणच्याला आवर.

तुमची धाकटी नणंद,
मंगला

ता. क. एक सांगायचं राहिलं. अप्पांच्या हिरव्या पत्र्याच्या पेटीत, माझ्या जातकाखाली, माझा तिसरीचा शाळेचा दाखला आहे. तो पोस्टाने पाठवा. माझ्या आधारवर नुसतं साल आहे, आणि ते पण त्या वेळी मी तोंडाला येईल ते सांगितलं होतं. गणेशकुमार म्हणाला की पासपोर्टाला जुना कागद जोडलेला बरा. हो, पासपोर्ट. वर झाकलेल्या ओळीत तेच होतं, की हरिताबरोबर पहिले तीन महिने मी पण जाते आहे. ती म्हणते, तिथे जेवायला काय मिळेल कोण जाणे आणि रागवायला कोणी नाही. कावेरी आणि कॉफी कुठे पळून जात नाहीत. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. म्हणजे सांगितलं, पण हळू.

दु. ता. क. तो दाखला तमिळमध्ये आहे, म्हणजे तुमच्या घरात कोणी पण वाचू शकेल. म्हणून तुम्ही स्वतः काढा, न उलगडता पाकिटात घाला, सुनेच्या हातात देऊ नका. घडीच्या आत जन्मतारीख आहे.

ति. ता. क. उलगडलाच असेल, मी तुम्हाला ओळखते. तर आता बोलूनच टाकते. तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा मी तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे असं सांगितलं, ते खरं नव्हतं. मी चौदा महिन्यांनी मोठी आहे. त्या वेळी मला वाटलं, मोठी नणंद म्हटलं की घाबराल. नंतर सांगायला वेळच मिळाला नाही, एकावन्न वर्षं गेली. ‘तुम्ही मोठ्या’ म्हणून दर नवरात्रात पहिलं तांबूल तुम्हाला दिलं, दर सणाला तुमच्या पाया पडले, ते नमस्कार मी परत मागत नाही. फक्त दाखला बघितलात हे विसरून जा. हरिता म्हणते, पुसलं तरी बघणाऱ्यांच्या लक्षात राहतं, म्हणून तर तिचं काम चालतं. तुमच्या लक्षात काही राहू नये, एवढंच मी देवीकडे मागितलं आहे. आणि पुढच्या वर्षी पण पहिलं तांबूल तुमचंच. गुडघे बरे झाले तर नमस्कार पण.